काजळीचे कण किती प्रकाश गिळतात: शहरातल्या आणि गावातल्या हवेत मोजण्याची रीत

"हवेतली काजळी मोजली" असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात बहुतेक वेळा मोजलेला असतो तो अडलेला प्रकाश. पांढऱ्या फिल्टरमधून हवा ओढायची, त्यावर जमलेला डाग किती प्रकाश अडवतो ते बघायचं, आणि त्यावरून "घनमीटर हवेत इतके मायक्रोग्रॅम काळा कार्बन" असं लिहायचं. प्रकाशावरून वजनाकडे जाणारी मधली उडी एका गृहीत धरलेल्या आकड्याच्या जोरावर मारलेली असते. हा आकडा डिझेलच्या धुराला लागू पडला म्हणून लाकडाच्या धुरालाही पडेलच, असं नाही. म्हणून या लेखात मी शोषणाला मुख्य माप मानणार आहे आणि वजनाला त्यावरून काढलेला अंदाज. शहर आणि गाव यांची खरी तुलना करायची असेल तर दुसरा मार्ग मला दिसत नाही.

लेख लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा एखाद्या छोट्या गटात स्वतः मोजू पाहणारी माणसं. साहित्य थोडं लागतं: एक पंप, काचतंतूंचे किंवा क्वार्ट्झचे फिल्टर, दोन रंगांचे एलईडी आणि एक फोटोडायोड, म्हणजे प्रकाश मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग. ज्यांच्याकडे तयार यंत्र आहे, त्यांच्या यंत्राच्या पोटातही हाच हिशेब चालतो.

आधी कण नीट समजून घ्या

ज्योतीत इंधनाला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की कार्बनचे अतिसूक्ष्म गोलक तयार होतात. एकेकाचा व्यास साधारण २० ते ५० नॅनोमीटर. ते एकमेकांना चिकटून द्राक्षांच्या घडासारखे वेडेवाकडे पुंजके बनतात, आणि हवेत तरंगणारी काजळी म्हणजे हेच पुंजके. गोलकाच्या आत कार्बनचे अणू ग्रॅफाइटसारख्या थरांत असतात, फक्त ते थर अस्ताव्यस्त रचलेले असतात. या थरांतले काही इलेक्ट्रॉन एका अणूला बांधलेले नसून थरभर मोकळे फिरतात, त्यामुळे अतिनील, निळा, लाल, अवरक्त अशा कोणत्याही प्रकाशातली ऊर्जा ते घेऊ शकतात. हवेतल्या बाकीच्या बहुतेक कणांना हे जमत नाही. सल्फेट, नायट्रेट, मीठ हे सगळे प्रकाश इकडेतिकडे फेकतात, म्हणजे त्याचं विकिरण करतात, पण गिळत जवळजवळ नाहीत.

आता आकाराकडे बघा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर आणि गोलक तीसेक नॅनोमीटरचा. इतक्या लहान गोलकाच्या गाभ्यापर्यंत प्रकाश पोचतो, आतला कार्बन सावलीत राहत नाही. म्हणून शोषण ठरतं ते एकूण आकारमानावर, म्हणजेच वस्तुमानावर. पुंजका दहा गोलकांचा असो की शंभराचा, दर ग्रॅमला होणारं शोषण जवळपास तेवढंच राहतं. प्रकाशावरून वजन काढता येतं ते याच आधारावर. टॅमी बाँड आणि रॉबर्ट बर्गस्ट्रॉम यांनी २००६ साली तोवरच्या मोजमापांचा आढावा घेऊन ताज्या काजळीसाठी हा आकडा ५५० नॅनोमीटरला दर ग्रॅम ७.५ चौरस मीटर असा दिला, १.२ इकडे किंवा तिकडे धरून. एक ग्रॅम ताजी काजळी हवेत पसरली तर ती साडेसात चौरस मीटरवर पडणारा प्रकाश गिळते, असा त्याचा अर्थ.

कण लहान असल्याचा आणखी एक परिणाम होतो: तरंगलांबी निम्मी केली की शोषण साधारण दुप्पट होतं. हे नातं एका घातांकाने सांगतात, त्याला शोषणाचा आँगस्ट्रॉम घातांक म्हणतात. शुद्ध काजळीसाठी तो १ च्या आसपास असतो. पुढचा सगळा खेळ याच घातांकाचा आहे.

कारण धुरात एकटी काजळी नसते. लाकूड, पालापाचोळा, शेण किंवा पिकांचे अवशेष ज्योतीशिवाय धुमसतात तेव्हा डांबरासारखे सेंद्रिय पदार्थ बाहेर पडतात. त्यांना तपकिरी कार्बन म्हणतात. हे पदार्थ निळा आणि अतिनील प्रकाश जोरात गिळतात, लाल प्रकाश फारसा गिळत नाहीत, आणि अवरक्ताला जवळजवळ हात लावत नाहीत. असा धूर मिसळला की घातांक १ वरून २ कडे आणि कधी त्याच्याही पुढे सरकतो. म्हणजे अवरक्तात पाहिलं तर फक्त काजळी दिसते, निळ्यात पाहिलं तर काजळी आणि तपकिरी कार्बन दोन्ही. या दोन मोजमापांतला फरक धुराचा स्वभाव सांगतो.

पायरी १: प्रश्न आणि जागा ठरवा

"आमच्याकडची हवा किती काळी?" हा प्रश्न मोजायला फार मोघम आहे. रस्त्याकडेची हवा, वस्तीची सरासरी हवा आणि वाऱ्याने लांबून आलेली हवा, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यापासून काही पावलांवर फिल्टर लावला तर प्रत्येक ट्रकची नोंद होईल, पण वस्तीबद्दल काहीच कळणार नाही. वस्तीची सरासरी हवी असेल तर एखादी मोकळी गच्ची निवडा, जवळपास धुराडं, जनरेटर किंवा चूल नको. हवा घेण्याचं तोंड भिंतीपासून दूर आणि पाऊस आत जाणार नाही असं खाली वळवलेलं ठेवा.

शहर आणि गाव अशी तुलना करायची असेल तर दोन्हीकडे एकाच वेळी मोजा. हा आग्रह सोडू नका. हवेचा जमिनीलगतचा मिसळणारा थर रात्री आणि पहाटे उथळ असतो, दुपारी तापून उंच होतो. धूर तेवढाच राहिला तरी पहाटे दाट आणि दुपारी पातळ दिसतो. शहराचा सकाळचा डाग गावाच्या दुपारच्या डागाशेजारी ठेवला तर तुम्ही धुरांची तुलना करत नसून हवेच्या थरांची करत आहात.

पायरी २: हवा ओढताना घ्यायची काळजी

फिल्टरच्या आधी चक्रीवादळी विभाजक, म्हणजे सायक्लोन, बसवा. तो २.५ मायक्रॉनपेक्षा मोठे कण बाजूला काढतो. काजळीचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षा लहान असतात, ते सुखरूप पुढे जातात. हे का गरजेचं? मातीच्या धुळीत लोहाचे ऑक्साइड असतात आणि तेही निळा प्रकाश गिळतात. कच्च्या रस्त्याशेजारी सायक्लोनशिवाय मोजलं तर धुळीमुळे घातांक वाढतो आणि आपण तो चुलीच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. गावातल्या मोजमापात ही गफलत सहज होते.

पंपाचा प्रवाह सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा मोजा. डाग दाटला की फिल्टरचा अडथळा वाढतो आणि प्रवाह घटतो. सरासरी धरायची तीही या दोन आकड्यांची, पंपाच्या पुठ्ठ्यावर छापलेल्या आकड्याची नाही. प्रवाहातली दहा टक्के चूक उत्तरात थेट दहा टक्के चूक म्हणून उतरते.

दमट हवा हा छुपा शत्रू. काचतंतू ओल धरतात आणि ओला फिल्टर कोरड्यापेक्षा वेगळा प्रकाश सोडतो. हवा सुकवणारी नळी असेल तर उत्तम. नसेल तर फिल्टर मोजण्याआधी आणि मोजल्यावर, दोन्ही वेळा, सिलिका जेल ठेवलेल्या बंद डब्यात काही तास राहू द्या.

डाग तयार झाल्यावर तो भिंगाखाली नीट पाहा. चांगल्या डागाची कड रेखीव असते, आतला राखाडी रंग सगळीकडे सारखा असतो. कडेबाहेर फिकट वलय दिसलं तर धारकातून हवा गळते आहे. मधे गडद आणि कडेला फिका दिसला तर हवा सरळ येत नाही. असा डाग मोजू नका, धारक घट्ट करून पुन्हा हवा घ्या. रंगही पाहा. वाहतुकीच्या हवेचा डाग थंड राखाडी असतो. धुमसत्या लाकडाच्या धुराचा डाग पिवळट-तपकिरी झाक मारतो. आकडे यायच्या आधीच डोळ्यांना अर्धं उत्तर मिळतं.

पायरी ३: प्रकाश मोजा

एक काळी बंद नळी घ्या. एका टोकाला एलईडी, मधे फिल्टर ठेवायची खाच, दुसऱ्या टोकाला फोटोडायोड. एलईडी दोन हवेत: एक निळा, ४७० नॅनोमीटरचा, आणि एक अवरक्त, ८८० नॅनोमीटरचा. तयार यंत्रांतही या दोन तरंगलांबी असतात, त्यामुळे तुमचे आकडे इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. अशा यंत्रांचं मूळ लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत आहे. तिथल्या हॅन्सन, रोझेन आणि नोवाकोव यांनी १९८४ साली एथॅलोमीटर, म्हणजे फिल्टरच्या फितीवरच्या डागातून येणारा प्रकाश मोजणारं यंत्र, मांडला. आजच्या एथॅलोमीटरमध्ये ३७० पासून ९५० नॅनोमीटरपर्यंत सात तरंगलांबी असतात आणि काळ्या कार्बनचा आकडा ८८० वरून दिला जातो, कारण तिथे तपकिरी कार्बन मधे येत नाही.

मोबाइलचा कॅमेरा वापरण्याचा मोह होतो. तो टाळा असं मी म्हणेन. कॅमेरा उजेडाप्रमाणे आपोआप स्वतःला जुळवून घेतो, त्याचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, आणि अवरक्त प्रकाश तो मुद्दाम गाळून टाकतो. आपल्याला नेमका तोच हवा आहे.

मोजण्याचा क्रम असा. एलईडी चालू करून वीस-तीस मिनिटं तापू द्या, कारण तापमानाबरोबर त्याचा उजेड बदलतो. कोऱ्या फिल्टरच्या कडेला पेन्सिलीने एक खूण करा आणि खूण नेहमी एकाच दिशेला येईल असा तो खाचेत ठेवा. काचतंतू सगळीकडे सारखे विणलेले नसतात, फिल्टर थोडा फिरवला तरी आकडा हलतो. दोन्ही रंगांत कोरा आकडा लिहा. मग हवा ओढा, फिल्टर सुकवा, त्याच दिशेने ठेवून पुन्हा मोजा. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर एक कधीही न वापरलेला संदर्भ-फिल्टर मोजा. त्याचा आकडा दोन टक्के घसरला असेल तर तेवढाच एलईडी मंदावला आहे, आणि डागाचा आकडा त्या प्रमाणात दुरुस्त करायचा. चिमटा सपाट टोकाचा वापरा. डागावर बोट लागलं तर तो फिल्टर गेला.

पायरी ४: आकड्यांवरून शोषण काढा

एक उदाहरण पूर्ण सोडवू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. डागाचा व्यास १० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर. प्रवाह मिनिटाला ३ लिटर, वेळ दोन तास, म्हणजे हवा ३६० लिटर किंवा ०.३६ घनमीटर. अवरक्तात कोरा आकडा १०००, डागाचा ८६०.

पहिल्यांदा १००० भागिले ८६० याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या: ०.१५०८. त्याला डागाच्या क्षेत्रफळाने गुणा आणि हवेच्या घनफळाने भागा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्यायचं, म्हणजे ०.००००७८५. उत्तर येतं दर मीटरला ०.००००३२९. इतके शून्य लिहिणं त्रासाचं, म्हणून ते दर दहा लाख मीटरला सांगतात: ३२.९.

हे अजून हवेचं खरं शोषण नाही. फिल्टरच्या जंगलात प्रकाश तंतूंवर आपटून मागे-पुढे फिरतो आणि एकाच कणाजवळून अनेकदा जातो. त्यामुळे डाग खऱ्यापेक्षा काळा दिसतो. हा फुगवटा काढायला एका गुणकाने भागावं लागतं. जुन्या एथॅलोमीटरच्या क्वार्ट्झ फितीसाठी २००३ साली ताज्या काजळीवर तो २.१४ मोजला गेला. कणांवर सेंद्रिय लेप असला की तो वाढतो, ३.५ च्या आसपासही धरला जातो. आपण २.१४ घेऊ: ३२.९ भागिले २.१४ म्हणजे १५.४.

१५.४ या आकड्याचा अर्थ मनात पक्का करा. अशा हवेतून अवरक्त किरण सुमारे ६५ किलोमीटर गेला तर केवळ शोषणाने त्याची तीव्रता मूळच्या ३७ टक्क्यांवर येईल. इथपर्यंत आपण काजळीच्या वजनाबद्दल एक शब्दही बोललेलो नाही, आणि आपलं मुख्य माप हेच आहे.

डाग फार गडद होऊ देऊ नका. नवे कण आधीच्या कणांच्या सावलीत बसतात आणि आकडा कमी येऊ लागतो. नव्या एथॅलोमीटरमध्ये यावर उपाय म्हणून एकाच वेळी दोन डाग वेगवेगळ्या प्रवाहाने घेतात आणि दोघांतल्या फरकावरून ही घट भरून काढतात. आपल्या साध्या रचनेत मी मर्यादा अशी पाळेन: अवरक्तात आरपार येणारा प्रकाश ८० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, निळ्यात ६० च्या. निळ्यात डाग नेहमीच जास्त गडद असतो, त्यामुळे सावलीचा फटकाही निळ्याला जास्त बसतो आणि घातांक खोटा खाली येतो. धुमसता धूर मग वाहतुकीच्या धुरासारखा दिसू लागतो. दाट धुराच्या जागी दोन तासांऐवजी वीस मिनिटंच हवा ओढा.

पायरी ५: दोन रंगांची तुलना

आता समजा, शहरातला आणि गावातला असे दोन डाग आहेत. अवरक्तात दोघांचा आकडा नेमका ८६०. एकाच रंगात मोजलं असतं तर आपण "दोन्हीकडे हवा सारखी" असं लिहून टाकलं असतं. निळ्यात मात्र शहराच्या डागातून १००० पैकी ७५० प्रकाश आला, गावाच्या डागातून ६२०.

त्याच रीतीने निळ्यातलं शोषण काढा. शहर: २९.३. गाव: ४८.७. घातांकासाठी निळं शोषण भागिले अवरक्त शोषण याचा लॉगरिदम घ्या आणि त्याला ८८० भागिले ४७० याच्या लॉगरिदमने, म्हणजे ०.६२७ ने, भागा. शहराचा घातांक १.०३, गावाचा १.८४. फिल्टरचा गुणक दोन्ही रंगांत जवळपास सारखा असल्याने या भागाकारात तो उडून जातो. म्हणूनच घरगुती साधनातही घातांक वजनापेक्षा जास्त भरवशाचा निघतो, आणि माझा भर त्याच्यावर आहे.

गावाच्या निळ्या शोषणात तपकिरी कार्बनचा वाटा किती? काजळीचा घातांक १ धरला तर निळ्यात तिचं शोषण १५.४ गुणिले १.८७, म्हणजे २८.८ असायला हवं. मोजलेलं ४८.७. उरलेलं १९.९, म्हणजे ४१ टक्के, तपकिरी. पण काजळीचा घातांक १ च असतो असं कुठे आहे? कणांच्या आकाराप्रमाणे आणि लेपाप्रमाणे तो हलतो. ०.८ धरला तर तपकिरी वाटा ४८ टक्के होतो, १.४ धरला तर २४. हा पट्टाच उत्तर म्हणून लिहा. नुसतं "४१ टक्के" लिहिणं म्हणजे आपल्याला आहे त्यापेक्षा जास्त कळतं असं दाखवणं. रंगहीन लेपाने मढलेल्या काजळीचा घातांक गणिताने १.६ पर्यंतही जाऊ शकतो. म्हणून १.२ किंवा १.४ आला की लगेच लाकडाचा धूर ठरवू नका, १.६ च्या वर गेला आणि धूळ नसेल तर तपकिरी कार्बन आहे असं ठामपणे म्हणता येतं.

पायरी ६: लेपाचा विचार करा

नुकतीच गाडीतून निघालेली काजळी उघडी असते. काही तासांत तिच्यावर सल्फेट, नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थांचा थर बसतो, पुंजका आकसून गोलसर होतो. हा पारदर्शक थर प्रकाश वाकवून आतल्या काजळीकडे वळवतो आणि शोषण वाढतं. गोल गाभा आणि गोल आवरण असं चित्र धरून गणित केलं तर ही वाढ दुपटीपर्यंत जाते. प्रत्यक्ष हवेत मात्र आकडे फार वेगवेगळे मिळाले. क्रिस्तोफर काप्पा आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या हवेत हिरव्या प्रकाशात मोजलं, तेव्हा वाढ फक्त ६ टक्के निघाली. इतर ठिकाणी, विशेषतः लाकडाच्या धुरात आणि जाड लेपात, ती बरीच जास्त मिळाली आहे. खऱ्या कणांत काजळी गाभ्यात मधोमध बसलेली नसते, कधी कडेला चिकटलेली असते, आणि सगळ्या कणांवर लेप सारखा नसतो. दुपटीचं सुबक चित्र तिथेच फसतं.

तुलनेसाठी यातून घ्यायचं ते हे: रस्त्याकडेची काजळी ताजी आणि उघडी असते, लाकडाच्या धुरातली जन्मतःच जाड लेपाची आणि मोठ्या गाभ्याची असते, आणि शहरावरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेतल्या गावात पोचणारी शहरी काजळी वाटेत मढलेली असते. तिन्हींचं दर ग्रॅम शोषण वेगळं. साध्या फिल्टरवर लेप वेगळा मोजता येत नाही. त्यासाठी एकेक कण लेझरने तापवून उजळवणारी किंवा शोषलेल्या प्रकाशाचा आवाज ऐकणारी यंत्रं लागतात. आवाज ऐकणारं तत्त्व मला फार सुंदर वाटतं: कण प्रकाश गिळतो, तापतो, भोवतालची हवा फुगते, प्रकाश लयीत चालू-बंद केला की तेवढ्याच लयीचा नाद निघतो आणि मायक्रोफोन तो टिपतो. मधे फिल्टर नाही, म्हणून फिल्टरचे दोषही नाहीत. जवळच्या एखाद्या संस्थेत असं यंत्र असेल तर आपला पंप काही दिवस त्याच्याशेजारी चालवा. तुमच्या फिल्टरचा खरा गुणक तिथे मिळेल, २.१४ उसना घ्यावा लागणार नाही.

पायरी ७: वजन काढायचंच असेल तर

५५० नॅनोमीटरचा ७.५ हा आकडा ८८० ला नेला की ४.६९ होतो. १५.४ भागिले ४.६९ म्हणजे घनमीटरला ३.३ मायक्रोग्रॅम. आता तोच डाग, तेच ३२.९, पण नव्या एथॅलोमीटरचे स्थिरांक घ्या: फिल्टरचा गुणक १.५७ आणि दर ग्रॅम शोषण ७.७७. उत्तर २.७. जुन्या एथॅलोमीटरचा एकत्रित स्थिरांक १६.६ घेतला तर उत्तर २.०. हे स्थिरांक आपापल्या फितीसाठी ठरवलेले आहेत, वाटेल त्या फिल्टरवर वापरायचे नाहीत. पण कोणीतरी "२.०" आणि कोणीतरी "३.३" एवढंच लिहून ठेवलं तर वाचणारा फरक हवेत शोधेल, आणि तो फरक निव्वळ वहीतला असेल. याच गोंधळावर २०१३ साली संशोधकांच्या एका गटाने नावांची शिस्त सुचवली: प्रकाशावरून काढलेल्या वजनाला "समतुल्य काळा कार्बन" म्हणावं आणि वापरलेला स्थिरांक सोबत द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या हवा-मार्गदर्शनात काळ्या कार्बनला आकड्याची मर्यादा दिलेली नाही. तो पद्धतशीर मोजत राहावा असं मात्र सांगितलं आहे.

पायरी ८: शहर आणि गाव वाचताना

घातांक धुराचा पत्ता सांगत नाही, जळण्याची तऱ्हा सांगतो. कोरडं लाकूड मोठ्या ज्वाळेने जळलं तर काजळी जास्त आणि तपकिरी कार्बन कमी निघतो, घातांक खाली येतो. ओलं लाकूड धुमसलं की उलट. वातीच्या रॉकेल दिव्याचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. जळलेल्या रॉकेलपैकी वजनाने ७ ते ९ टक्के भाग काजळी होऊन बाहेर पडतो आणि ती जवळजवळ निखळ काळा कार्बन असते. घरात असे दिवे जळत असतील तर एकही गाडी नसलेल्या वस्तीत घातांक १ च्या जवळ येईल. उलट थंडीच्या रात्री शेकोट्या पेटलेल्या शहरात तो १.५ च्या वर जाऊ शकतो.

म्हणून एका डागावरून निष्कर्ष काढू नका. दिवसाची लय बघा. पहाटेचा, दुपारचा, संध्याकाळचा आणि रात्रीचा असे चार डाग घ्या. अवरक्त शोषण सकाळच्या वर्दळीला चढलं आणि घातांक १ जवळच राहिला तर वाहतूक. स्वयंपाकाच्या वेळी निळं शोषण उसळलं आणि अवरक्त त्या मानाने थोडंच वाढलं तर चुली. दोन्ही रंग एकदम, एकाच प्रमाणात वाढले आणि घातांक जागचा हलला नाही, तर धूर वाढलेला नसून हवेचा थर खाली बसला असण्याची शक्यता मोठी. लांबून आलेल्या पिकांच्या धुरात आणखी एक गंमत दिसते: सूर्यप्रकाशात तपकिरी कार्बनचा रंग एखाद्या दिवसात बराच उडतो, काजळीचा उडत नाही. त्यामुळे वाऱ्यावरून दोन दिवसांनी पोचलेल्या धुराचा घातांक उगमाजवळच्या धुरापेक्षा कमी असतो. पाऊस पडला नाही तर काजळी हवेत आठवडाभर टिकते, म्हणून वाऱ्याची दिशा प्रत्येक नोंदीत हवीच.

पायरी ९: शंका असेल तेव्हा धुऊन बघा

वाढलेला घातांक खरोखर तपकिरी कार्बनाचा आहे का, हे तपासायची एक जुनी आणि चांगली रीत आहे. बाइंडर, म्हणजे तंतू चिकटवणारा पदार्थ, नसलेल्या क्वार्ट्झ फिल्टरवरचा डाग मिथेनॉलमध्ये हलकेच भिजत ठेवायचा. तपकिरी कार्बनाचा बराचसा भाग विरघळतो आणि द्रव पिवळसर होतो. काजळी विरघळत नाही, डागावरच राहते. फिल्टर पूर्ण सुकवून दोन्ही रंगांत पुन्हा मोजा. निळ्यातलं शोषण उतरलं आणि अवरक्तातलं जागेवर राहिलं तर शंका फिटली. अवरक्तही उतरलं तर काजळी सुटून द्रवात गेली आहे, ती चाचणी धरू नका. निळं हललंच नाही तर धुळीचा संशय घ्या आणि सायक्लोन उघडून पाहा. सोबत एक कोरा फिल्टरही असाच धुऊन मोजावा, कारण धुण्याने तंतूंची ठेवण बदलते. मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील आहे: हातमोजे, वाहती हवा आणि जवळ ज्योत नाही, या तीन अटींशिवाय बाटली उघडू नका. लहान मुलांच्या प्रयोगात ही पायरी नको.

डाग लगेच मोजायचे नसतील तर ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून थंड जागी ठेवा. उजेडात आणि उष्णतेत तपकिरी कार्बन फिका पडतो, उडतोही.

नोंद कशी लिहायची

प्रत्येक डागासाठी वहीत एक ओळ पुरते, पण ती पूर्ण हवी. वरच्या गावाच्या डागाची ओळ अशी होईल: हवा ०.३६ घनमीटर, डाग ०.७८५ चौरस सेंटिमीटर, सायक्लोन २.५ मायक्रॉन, अवरक्त १००० ते ८६०, निळा १००० ते ६२०, संदर्भ-फिल्टर स्थिर, फिल्टर-गुणक २.१४, उसना, शोषण ८८० ला १५.४, ४७० ला ४८.७, घातांक १.८४, तपकिरी वाटा निळ्यात २४ ते ४८ टक्के, काजळीचा घातांक १.४ ते ०.८ धरून, समतुल्य काळा कार्बन ३.३ मायक्रोग्रॅम, दर ग्रॅम ४.६९ धरून, वारा, वेळ, पाऊस. कच्चे आकडे असे लिहिलेले असले की पुढे स्वतःच्या फिल्टरचा खरा गुणक हाती आल्यावर फक्त काही भागाकार नव्याने करायचे राहतात, घातांकाला हात लावावा लागत नाही.